काळ्या कातळाच्या नादी लागू नकोस

दगड दाबून व्होल्टेज मोजायचंय ना? मग अजिंक्यताऱ्याचा काळा कातळ ठेव बाजूला. दाबाखाली विद्युतभार दाखवायचा गुण क्वार्ट्झ या खनिजाचा. क्युरी बंधूंनी तो १८८० साली दाखवला. आपल्या काळ्या कातळात, म्हणजे बेसाल्टात, क्वार्ट्झ जवळपास नसतंच. क्वार्ट्झ असलेला ग्रॅनाइट कोयनेत आहे, पण सव्वा किलोमीटर बेसाल्टखाली! त्यापेक्षा फरशीवाल्याकडून ग्रॅनाइटचा तुकडा माग. ‘काळा ग्रॅनाइट’ नको, तो बहुतेकदा ग्रॅनाइट नसतोच. करड्या-गुलाबी दगडात काचेसारखे क्वार्ट्झचे दाणे बघून घे. दाणे कसेही वळलेले असतात, एकमेकांचा भार खातात, त्यामुळे सिग्नल बारीकच येणार. साताऱ्याच्या पावसात नमुना आधी ओव्हनमध्ये वाळव, नाहीतर ओलाव्यातून भार गळतो. दगडावर दाब देणारा जॅक हातानेच चालव. आणि सिग्नल दिसला की लगेच भुलू नकोस. मी एकदा झकास सिग्नल आठवडाभर मिरवला. निघाली हललेली वायर.