घरी शिवलेल्या कापडी पिशव्या बडोद्यातून ऑनलाइन विकायच्या आहेत. कमी खर्चात प्रसिद्धी कशी करावी?

सुरुवातीलाच पैसे मोजून जाहिरात करण्याची गरज नाही. व्हॉट्सॲप बिझनेस विनामूल्य आहे आणि त्याच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक पिशवीचे माप, कापड व किंमत स्पष्ट लिहावी, कारण किंमत विचारावी लागली की बरीच गिऱ्हाइके तिथूनच परत फिरतात. ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकाच वेळी अनेकांना पाठवलेला, संदेश ज्यांनी आपला क्रमांक सेव्ह केला आहे त्यांनाच पोहोचतो. म्हणून प्रत्येक पिशवीत क्रमांकाची चिठ्ठी घालून तशी विनंती जरूर करावी.

छायाचित्रांवर मात्र मनापासून मेहनत घ्यावी. फ्लॅश न वापरता खिडकीजवळच्या उजेडात एक छायाचित्र टाके अगदी जवळून दिसतील असे घ्यावे, आणि दुसऱ्यात पिशवी कुणाच्या तरी खांद्यावर असावी, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. हातकामाचे मोल त्या टाक्यांवरूनच पटते, असे माझे ठाम मत आहे. शिवतानाची छोटी रील इन्स्टाग्रामवर टाकावी. गरब्यासाठीच्या आरसेकामाच्या पिशव्या नवरात्राच्या महिनाभर आधीच दाखवाव्यात, कारण ऐनवेळी आलेल्या मागण्या एकट्या हाताने पुऱ्या होत नाहीत.

ई-कॉमर्स संकेतस्थळांवरही १ ऑक्टोबर २०२३ पासून, वार्षिक उलाढाल जीएसटीसाठी ठरलेल्या मर्यादेत असल्यास, राज्यांतर्गत विक्रीसाठी जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. त्याऐवजी जीएसटी पोर्टलवरून एक साधा नावनोंदणी क्रमांक मात्र घ्यावा लागतो.