उन्हात स्क्रीनच दिसत नाही!

प्रश्न: पक्षी बघायला फिरतो तेव्हा नोंदी टाइप करायला छोटा, स्वस्त लॅपटॉप हवाय. मित्राचा नेऊन बघितला तर उन्हात स्क्रीनवर माझंच तोंड दिसत होतं. काय बघून घेऊ, आणि पॉवर बँकवर चालेल का?

उत्तर: तोंड दिसलं कारण स्क्रीन ग्लॉसी आणि ब्राइटनेस कमी. स्वस्त लॅपटॉपला बहुतेकदा २५० निट्सच्या (निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) आसपास असतात, घरात ठीक आहे पण उन्हात निदान ५०० तरी हवेत आणि स्क्रीन मॅट (चकाकी नसलेली) असेल तर उत्तमच. प्रोसेसरच्या मागे लागू नका, नोंदींना कुठलाही चालतो.

पॉवर बँकवर चालेल, पण लॅपटॉप यूएसबी-सी पीडीवर (टाइप-सी केबलने जास्त पॉवर देणारी चार्जिंगची पद्धत) चार्ज होणारा हवा, आणि बँक किती वॉट देते ते मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं ते आधी वाचा. २०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टला ७४ वॉट-अवर, त्यातले थोडे वाया जाणारच, तरी ८ वॉट खाणारा लॅपटॉप सात-एक तास निघतो.

खरं सांगू का, मी तुमच्या जागी असतो तर आयपी६७ वाला फोन (१ मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो) आणि घडीचा ब्लूटूथ कीबोर्ड घेतला असता. दोन्ही खिशात मावतात, आणि पक्षी दिसला की लॅपटॉप कुठे ठेवू म्हणून धांदल नाही.