सी.ए. रिपोर्टमधला ‘बी’ गट आणि बचावाचा तज्ज्ञ

प्रश्न : माझ्या धाकट्या भावावर खुनाचा आरोप असून डिसेंबर २०२४ पासून तो कारागृहात आहे. घटना कोणीही डोळ्यांनी पाहिलेली नाही. सरकार पक्षाचा सारा भर भावाच्या जप्त केलेल्या शर्टावर आहे. सी.ए. रिपोर्टमध्ये (रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात) ‘मानवी रक्त, गट बी’ असे लिहिले आहे आणि मयताचा गटही बी होता. भाऊ सांगतो की, आदल्या दिवशी ऊसतोडीत कोयता लागून त्याचा हात कापला होता आणि ते रक्त त्याचेच आहे. त्याच्या रक्तदानाच्या कार्डावरही बी गटच आहे. आम्ही आमचा तज्ज्ञ न्यायालयात उभा करू शकतो का? पैसे देऊन आणलेला माणूस म्हणून न्यायालय त्याचे ऐकणार नाही, असे गावातले जाणकार सांगतात. – एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आपल्या पत्रातले शेवटचे दोन तपशील, म्हणजे कोयत्याची जखम आणि रक्तदानाचे कार्ड, हे या खटल्यात अतिशय मोलाचे आहेत. त्यामुळे तज्ज्ञाचा विचार तेथूनच सुरू करू.

रक्तगटाची चाचणी एखाद्याला वगळू शकते, ओळखू शकत नाही. डाग ए गटाचा निघाला असता, तर तो मयताचा नाही असे ठामपणे म्हणता आले असते. तो बी निघाला याचा अर्थ एवढाच की, तो बी गटाच्या कोणाचाही असू शकतो, आणि हा गट आपल्याकडे सर्रास आढळतो. आरोपीचाही गट तोच असेल, तर त्या डागातून मयताकडे बोट दाखवणारे काहीच उरत नाही. हे सांगायला परदेशातून तज्ज्ञ आणण्याची गरज नाही. ज्या रासायनिक विश्लेषकाने अहवालावर सही केली, त्याला उलटतपासणीत नीट विचारले, तर तोच ते मान्य करील.

अडचण अशी की, तो बहुधा न्यायालयात येतच नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ३२९ नुसार सरकारी वैज्ञानिक तज्ज्ञांचा अहवाल, त्यांना साक्षीला न बोलावताही, पुराव्यात वाचता येतो. या तज्ज्ञांच्या यादीत रासायनिक परीक्षक आहेत, न्यायसहायक प्रयोगशाळांचे संचालक आहेत आणि मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालकही आहेत. मात्र त्याच कलमात न्यायालयाला अशा तज्ज्ञाला समन्स काढून तपासण्याचा अधिकार दिलेला आहे. आपल्या वकिलांनी तसा लेखी अर्ज द्यावा आणि कोणत्या मुद्द्यांवर उलटतपासणी घ्यायची आहे, हे त्यात स्पष्ट मांडावे. मोघम अर्ज सहज फेटाळला जातो. प्रयोगशाळेतील मूळ टिपणेही त्याच वेळी मागवावीत, कारण दोन पानी अहवालात निष्कर्ष असतो, तो कसा काढला ते नसते.

अहवालाचे पहिले पान मात्र शांतपणे वाचा. पाकिटे कोणत्या तारखेला, कोणामार्फत पोचली, सील शाबूत होते का आणि पाठवलेल्या नमुना मोहोरेशी जुळले का, हे तेथे लिहिलेले असते. ती तारीख जप्तीच्या पंचनाम्यातील तारखेशी ताडून पाहा. मधले दिवस शर्ट कोठे होता, याचे उत्तर मालखान्याच्या, म्हणजे पोलीस जप्त वस्तू ठेवतात त्या कोठाराच्या, नोंदवहीतून मिळाले पाहिजे. वकिलीच्या सुरुवातीला एका खटल्यात मी स्वतः हे पान उलटून पुढे गेलो होतो आणि पाकिटावर पंचांच्या सह्याच नाहीत, हे ज्येष्ठ सहकाऱ्याने दाखवून दिले. तेव्हापासून मी निष्कर्ष सर्वांत शेवटी वाचतो. दिल्लीच्या छावला प्रकरणात, म्हणजे एका तरुणीवरील बलात्कार व खुनाच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तिन्ही आरोपींना निर्दोष सोडले. त्यात डीएनए अहवाल विरोधात असूनही, नमुने कित्येक दिवस पोलिसांच्या मालखान्यात राहिले होते आणि अहवालाचा शास्त्रीय पाया खालच्या न्यायालयांनी तपासलाच नव्हता, याला न्यायालयाने महत्त्व दिले.

आता कोयत्याच्या जखमेकडे येऊ. संहितेच्या कलम ५३ प्रमाणे अटकेनंतर आरोपीची वैद्यकीय तपासणी होते; अंगावरील जखमा आणि त्या साधारण केव्हा झाल्या असाव्यात, हे डॉक्टरांनी नोंदवायचे असते आणि त्या नोंदीची प्रत आरोपीला मिळायची असते. ती प्रत आजच शोधा. तीत हाताच्या जखमेची नोंद असेल, तर ते डॉक्टर हेच आपले सर्वांत विश्वासार्ह तज्ज्ञ साक्षीदार ठरतील, आणि त्यांना आपण पैसे देऊन आणले असे कोणी म्हणू शकणार नाही.

स्वतंत्र तज्ज्ञ उभा करण्याचा अधिकार आपल्याला नक्की आहे. सरकार पक्षाचा पुरावा संपल्यावर कलम २५६ नुसार बचावाचा पुरावा देता येतो, आणि साक्षीदाराला बोलावण्याचा अर्ज केवळ त्रास देणे, विलंब लावणे किंवा न्यायाचा हेतू विफल करणे यासाठीच असेल, तरच न्यायालय तो कारणे नोंदवून नाकारते. बचावाच्या साक्षीदारांना सरकारी साक्षीदारांइतकीच समान वागणूक मिळाली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये दूधनाथ पांडे खटल्यात सांगितले आहे. तज्ज्ञ फी घेतो म्हणून त्याची साक्ष बाद होत नाही, पण कारणांशिवाय दिलेले मत मात्र टिकत नाही. हिमाचल प्रदेशातील जयलाल खटल्यात, १९९९ मध्ये, सफरचंदांच्या उत्पादनाचा अंदाज सांगणाऱ्या फलोत्पादन अधिकाऱ्याचे मत न्यायालयाने स्वीकारले नाही. न्यायाधीशाला स्वतः पडताळून पाहता येईल असा शास्त्रीय आधार पुरवणे हे तज्ज्ञाचे कर्तव्य आहे, असे त्या निकालात म्हटले आहे. आपल्या तज्ज्ञालाही हीच कसोटी लागू होईल.

म्हणून माझा सल्ला असा की, निवृत्त प्रयोगशाळा अधिकाऱ्यासारख्या अनुभवी व्यक्तीला आधी साक्षीसाठी नव्हे, तर वकिलांसोबत बसून अहवाल समजावून सांगण्यासाठी गाठावे. चांगल्या तज्ज्ञाचे निम्मे काम तेथेच होते. शर्टाची डीएनए तपासणी मागण्याची घाई मात्र भावाशी एकांतात, मोकळेपणाने बोलल्याशिवाय वकिलांनी करू नये. आपण मागितलेला निष्कर्ष विरोधात गेला, तर तो अभिलेखावर राहतो. निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार भावावर नाही. रास्त संशय निर्माण झाला तरी पुरते.

खर्चाबद्दल आपण विचारले नाही, तरी सांगतो. कारागृहातील व्यक्तीला उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.

प्रश्न : खोट्या सहीच्या फौजदारी खटल्यात हस्ताक्षर तज्ज्ञाच्या अहवालावरून माझ्या पतीला शिक्षा होऊ शकते का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : होऊ शकते, परंतु न्यायालये येथे सावध असतात. अशा मताला दुसऱ्या पुराव्याचा दुजोरा हवाच असा कायदा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मुरारीलाल खटल्यात १९८० मध्ये स्पष्ट केले; त्याच वेळी मताची कारणे काळजीपूर्वक तपासावीत, असेही सांगितले. तज्ज्ञाने मूळ कागद पाहिला की झेरॉक्स, तुलनेसाठी घेतलेल्या सह्या त्याच काळातील होत्या का, हे आपल्या वकिलांनी आधी विचारावे. झेरॉक्समध्ये लेखणीचा दाब आणि हात कोठे थांबला याच्या खुणा बहुतेक पुसल्या जातात. पतीच्या त्याच वर्षांतील सह्या बँकेच्या किंवा नोकरीच्या कागदांवर असतील, तर त्यांच्या मूळ प्रती न्यायालयामार्फत मागवून घ्याव्यात.