1980 च्या दशकातले राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी कर कमी केले म्हणून अमेरिकेतली महागाई आटोक्यात आली, हे खरं आहे का?

नाही, हे श्रेय मुख्यतः पॉल व्होल्कर यांचं. त्यांना फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, अध्यक्षपदी 1979 मध्ये नेमलं ते रेगन यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी, रेगननी नव्हे. महागाई रोखण्यासाठी व्होल्करनी व्याजदर 20 टक्क्यांच्या आसपास नेले. कर्ज परवडेना म्हणून घरबांधणी ठप्प झाली, तेव्हा बांधकाम व्यावसायिकांनी निषेध म्हणून त्यांना लाकडाचे तुकडे टपालाने पाठवले! 1982 च्या अखेरीस बेकारी 10.8 टक्क्यांवर गेली. ही किंमत कामगारांनी मोजली, आणि रेगन यांचे गोडवे गाताना नेमकं तेच विसरलं जातं, याचा मला राग येतो.

रेगन यांचं श्रेय एवढंच, पण ते लहान नाही: मंदीत लोकप्रियता घसरत असतानाही त्यांनी व्होल्करना मोकळीक दिली आणि 1983 मध्ये पुन्हा नेमलं.

करकपातीचा परिणाम वेगळ्याच ठिकाणी दिसला. सर्वोच्च प्राप्तिकर 70 वरून शेवटी 28 टक्क्यांवर आला, सोव्हिएत धास्तीपोटी संरक्षणखर्च वाढला आणि आठ वर्षांत सरकारी कर्ज जवळपास तिप्पट झालं. 1982 मध्ये तर काही कर त्यांना पुन्हा वाढवावे लागले होते.