पर्शियन मांजरीच्या केसांतील गाठी

प्रश्न : आमच्या पर्शियन मांजरीच्या कानांमागे आणि काखेत केसांच्या घट्ट गाठी होतात, शिवाय डोळ्यांतून सतत पाणी येते. काय करावे?

उत्तर : या मांजरीच्या लांब केसांखाली दाट, मऊ लव असते, गळालेली लव तिथेच अडकून गाठी होतात, म्हणून धातूच्या फणीने रोज अगदी मुळापासून विंचरावे. गाठ कात्रीने मुळीच कापू नका, कारण मांजरीची पातळ कातडी गाठीबरोबर वर ओढली जाते आणि नकळत कापली जाते. गाठ मुळाशी चिमटीत धरून टोकाकडून हळूहळू सोडवावी आणि आंघोळ त्यानंतरच घालावी, नाहीतर पाण्याने ती अधिक आवळते. चपट्या चेहऱ्यामुळे अश्रू गालावर ओघळतात. ते कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने टिपावेत. मात्र डोळा लाल दिसला किंवा ती तो मिटून घेऊ लागली, तर त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवा.