जेवणावर रागावू नकोस, भाऊ

मधुमेहाचा रिपोर्ट आल्यापासून तू धड जेवत नाहीस, असं वहिनी म्हणाली. तसं करू नकोस. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, वांग्याचं भरीत खुशाल खा, फक्त भाकरी मोजून. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरस आणि पुरणपोळी दोन्ही ताटात येतील. एकच घे, तेही थोडं. एका दिवसाच्या आकड्यानं खचू नकोस, एचबीए१सी ही रक्ततपासणी मागच्या २-३ महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते. गोळ्या चालू असताना घाम फुटला, हात थरथरले, रक्तातली साखर ७०च्या खाली गेली तर लगेच ३ छोटे चमचे साखर पाण्यात घालून पी. १५ मिनिटांनी पुन्हा तपास. आणि आपल्याकडच्या उन्हात शेतात अनवाणी फिरणं बंद. या आजारात पाय बधिर झाले की चटका कळतच नाही. रोज रात्री तळवे बघ, नाहीतर वहिनीला बघायला सांग.