एपीआयने ‘हो’ म्हटलं, मग सर्व्हर कुठाय?

शंका-समाधान : क्लाउडवरच्या व्हर्च्युअल सर्व्हरबद्दल आणि ते प्रोग्रॅममधून हाताळण्याच्या सोयीबद्दल, म्हणजे एपीआयबद्दल, आलेल्या प्रश्नांपैकी सहा या वेळी घेतले आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण पुढच्या बऱ्याच अडचणींचं मूळ तिथेच आहे.

प्रश्न : आमची पायथन स्क्रिप्ट रोज रात्री चाचणीसाठी ॲमेझॉनवर एक ईसीटू (भाड्याचा व्हर्च्युअल) सर्व्हर उभा करते. परवा इंटरनेट अडखळलं आणि स्क्रिप्ट ‘टाइमआउट’ म्हणून बंद पडली. पुन्हा चालवली, तर सकाळी दोन सर्व्हर चालू! शिवाय कधीकधी सर्व्हरचा आयडी मिळतो आणि पुढच्याच ओळीत ‘असा सर्व्हर सापडत नाही’ अशी एरर येते. खरं काय मानायचं? – एक वाचक, हडपसर

उत्तर : दोन्ही खरं. सरकारी कचेरीत अर्ज दिला की त्यावर आवक क्रमांकाचा शिक्का बसतो. अर्ज पोचला एवढाच त्याचा अर्थ, काम झालं असं कोणी समजत नाही. एपीआयचं उत्तर हा तसाच शिक्का आहे. ‘रन इन्स्टन्सेस’ (इन्स्टन्स म्हणजे सर्व्हर) कॉल केल्यावर आयडी लगेच मिळतो, पण त्याच उत्तरात स्थितीचा रकाना पाहा. तिथे ‘पेंडिंग’ आणि कोड ० असतो. चालू सर्व्हरचा कोड १६, थांबवलेल्याचा ८०, कायमचा काढून टाकलेल्याचा ४८. तुमच्या स्क्रिप्टने ० ला १६ समजून पुढची पायरी उचलली की रडारड सुरू.

आधी दोन सर्व्हरचं बघू. टाइमआउट म्हणजे तुमच्या बाजूने वाट पाहणं थांबलं, इतकंच. अर्ज खिडकीतून आत गेला होता, पोच हातात पडण्याआधी तुम्ही रांग सोडलीत आणि पुन्हा येऊन दुसरा अर्ज दिलात. आतल्या माणसाने दोन्ही अर्जांवर इमानदारीने काम केलं. यावर उपाय म्हणजे ‘क्लायंट टोकन’, म्हणजे मागणीबरोबर पाठवायची ६४ अक्षरांपर्यंतची खूण. तीच खूण आणि तेच तपशील पुन्हा आले तर ॲमेझॉन नवा सर्व्हर करत नाही, आधीच्याच सर्व्हरची माहिती परत देतं. खूण तीच ठेवून मशीनचा प्रकार वगैरे बदललात, तर ‘इडेम्पोटंट पॅरामीटर मिसमॅच’ अशी एरर येते, आणि ती यायलाच हवी.

इथे एक खाचखळगा आहे. बोटो-थ्री ही पायथनची लायब्ररी टोकन दिलं नाहीत तर आपणहून घालते, म्हणून अनेकजण निर्धास्त असतात. पण ते टोकन त्या एका कॉलपुरतं असतं. लायब्ररीने स्वतःहून केलेले पुनर्प्रयत्न त्यात धरले जातात. तुम्ही स्क्रिप्ट हाताने पुन्हा चालवलीत की टोकन नवं, सर्व्हरही नवा. तुमचं नेमकं हेच झालेलं दिसतं. म्हणून टोकन कामावरून बनवा : कामाचं नाव आणि तारीख जोडून, इंग्रजी अक्षरं-आकड्यांत. त्याच रात्री मुद्दाम दुसरी फेरी हवी असेल तर शेवटी फेरीचा क्रमांक लावा. रँडम टोकन बनवून ते कुठेच जपून न ठेवणं म्हणजे टोकन न देण्यासारखंच.

आता ‘सापडत नाही’. नव्या सर्व्हरची नोंद ॲमेझॉनच्या सगळ्या यंत्रणांत एकाच क्षणी पोचत नाही. तुमची चौकशी नोंद अजून न पोचलेल्या ठिकाणी गेली तर उत्तर नकारार्थी येतं. काही सेकंद थांबून पुन्हा विचारायचं. बोटो-थ्रीमध्ये ‘वेटर’ त्यासाठीच आहेत : ‘इन्स्टन्स रनिंग’ हा वेटर दर १५ सेकंदांनी, जास्तीत जास्त ४० वेळा विचारतो, म्हणजे १० मिनिटं. पण ‘रनिंग’ म्हणजे मशीनला वीज मिळाली, ऑपरेटिंग सिस्टिम जागी झालीच असं नाही. लगेच एसएसएच (दुरून लॉगिन) केलंत तर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ येईल. त्यानंतर ‘इन्स्टन्स स्टेटस ओके’ या दुसऱ्या वेटरची वाट पाहा आणि मगच आत शिरा.

स्वतः पुनर्प्रयत्न लिहिणार असाल तर थांबण्याचा वेळ दुप्पट करत न्या (१, २, ४, ८ सेकंद) आणि त्यात थोडा रँडम वेळ मिसळा, नाहीतर तुमच्या दहा स्क्रिप्ट एकाच ठोक्याला पुन्हा दारात उभ्या राहतील. कुठल्या एररवर पुन्हा प्रयत्न करायचा हेही ठरवा. ‘रिक्वेस्ट लिमिट एक्सीडेड’ आली तर जरूर करा. ‘अनऑथराइज्ड ऑपरेशन’ शंभरदा विचारलंत तरी बदलणार नाही. ‘इनसफिशंट इन्स्टन्स कपॅसिटी’ म्हणजे त्या झोनमध्ये (विभागातल्या डेटा सेंटरच्या गटात) त्या प्रकारचं मशीन सध्या शिल्लक नाही. तिथे झोन किंवा मशीनचा प्रकार बदलून बघणं शहाणपणाचं.

प्रश्न : चाचणीचे सर्व्हर रात्री ९ ला एपीआयने बंद करतो, सकाळी ९ ला चालू करतो. तास निम्मे झाले, बिल निम्मं का होत नाही? – एक वाचक, हिंजवडी

उत्तर : कारण बंद होतं ते मशीन, डिस्क नव्हे. ईसीटू सर्व्हर थांबवला की सीपीयू आणि मेमरीचं भाडं थांबतं, ईबीएस डिस्कचं चालूच राहतं. २०० जीबीची डिस्क लावून त्यातले १५ वापरत असलात तरी पैसे २०० चेच. इलॅस्टिक आयपी (राखून ठेवलेला पत्ता) घेतला असेल तर तोही रात्रभर मीटर फिरवतो. १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर लागतात, म्हणजे ३० दिवसांचे ३.६ डॉलर. वीस सर्व्हर असतील तर हिशोब तुम्हीच करा. आपोआप मिळालेला पत्ता सर्व्हर थांबवताच सुटतो, त्यामुळे त्याचे रात्रीचे पैसे लागत नाहीत. मात्र सकाळी पत्ता नवा मिळतो आणि जुना पत्ता स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवणाऱ्यांची सकाळ खराब जाते. फक्त रीबूट केलं तर पत्ता बदलत नाही.

काढून टाकलेल्या सर्व्हरच्या मागे राहिलेल्या डिस्कही शोधा. मूळ डिस्क बहुतेक वेळा सर्व्हरबरोबर जाते, नंतर जोडलेल्या मात्र तशाच राहतात. डिस्कच्या यादीला ‘अव्हेलेबल’ हा फिल्टर लावलात की कोणालाच न जोडलेल्या डिस्क समोर येतात. आधी स्नॅपशॉट (डिस्कची प्रत) घ्या, मग पुसा.

मायक्रोसॉफ्टच्या अझुरवर वेगळीच गंमत आहे. तिथे ‘पॉवर ऑफ’ आणि ‘डीॲलोकेट’ असे दोन कॉल आहेत. पॉवर ऑफ केल्यावर मशीन ‘स्टॉप्ड’ दिसतं आणि भाडं पूर्ण चालू राहतं. विंडोजमध्ये आतून शट डाउन केलंत तरी तेच. भाडं थांबवायचं तर डीॲलोकेट. डिजिटलओशन या क्लाउड कंपनीकडे तर ड्रॉपलेट (त्यांचा सर्व्हर) बंद ठेवण्याने काहीच वाचत नाही. स्नॅपशॉट घेऊन ड्रॉपलेट नष्ट करायचा आणि हवा तेव्हा त्यावरून नवा उभा करायचा.

जाता जाता वेळापत्रक तपासा. क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवणारा प्रोग्रॅम) यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालत असेल तर आपले सकाळचे ९ म्हणजे ३:३० आणि रात्रीचे ९ म्हणजे १५:३०. इथवर सोपं आहे. पण पहाटे ५ ला सर्व्हर हवा असेल तर यूटीसीत ते आदल्या दिवशीचे २३:३० होतात. ‘सोमवार ते शुक्रवार’ लिहिलंत की सोमवारी सर्व्हर उठत नाही आणि शनिवारी विनाकारण उठतो. तिथे रविवार ते गुरुवार लिहायचं. ॲमेझॉनच्या इव्हेंटब्रिज शेड्यूलरमध्ये टाइमझोन देता येतो. ‘एशिया/कोलकाता’ द्या आणि वजाबाकी विसरा.

प्रश्न : एपीआय की (ओळख पटवणारी गुप्त किल्ली) स्क्रिप्टमध्येच लिहिली होती. स्क्रिप्ट चुकून सार्वजनिक रेपॉझिटरीत गेली. लगेच ओळ पुसून पुन्हा कमिट केलं. आता ठीक ना? – एक विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर : नाही. गिटच्या इतिहासात जुनी कमिट जशीच्या तशी आहे, आणि अशा किल्ल्या हुडकणारे बॉट दिवसरात्र फिरत असतात. हे वाचणं थांबवा, आधी ती की ‘इनॲक्टिव्ह’ करा. मग सगळ्या विभागांत (फक्त मुंबईत नव्हे) अनोळखी सर्व्हर चालू आहेत का ते पाहा, अनोळखी युजर तयार झालेत का ते पाहा आणि शेवटी की डिलीट करा. एका आयएएम (ॲमेझॉनच्या परवानगी यंत्रणेतल्या) युजरला एका वेळी दोनच की ठेवता येतात, म्हणून जुनी पडीक की असेल तर तीही काढा.

पुढच्यासाठी : स्क्रिप्ट ईसीटूवरच चालत असेल तर की लागतच नाही. सर्व्हरला आयएएम रोल (परवानग्यांचा संच) जोडा, लायब्ररी तात्पुरती ओळखपत्रं १६९.२५४.१६९.२५४ या आतल्या पत्त्यावरून आपणच घेते. रोलला परवानगी द्यायची ती फक्त सुरू-बंद करण्याची आणि तीही ठरावीक टॅग असलेल्या सर्व्हरपुरती. यादी मागवणाऱ्या ‘डिस्क्राइब’ कॉलना मात्र असं एकेका सर्व्हरपुरतं बांधता येत नाही, तिथे रिसोर्सच्या जागी तारांकनच द्यावं लागतं. नवा सर्व्हर बनवण्याची परवानगी देताना इन्स्टन्सबरोबर इमेज, सबनेट, सिक्युरिटी ग्रुप, नेटवर्क इंटरफेस आणि डिस्क यांचाही उल्लेख हवा. एक जरी राहिला तरी ‘अनऑथराइज्ड’. खात्री करायला ‘ड्राय रन’ (नुसती तपासणी) चालू ठेवून कॉल करा. परवानगी पुरेशी असेल तर ‘ड्राय रन ऑपरेशन’ नावाची एरर येते. एरर आली म्हणून पेढे वाटावेत अशी ही बहुधा एकमेव जागा.

प्रश्न : सर्व्हर ३४ आहेत, एपीआयच्या यादीत २० च येतात. – भोसरी

उत्तर : डिजिटलओशन वापरत असणार. तिथे न सांगता एका पानावर २० च मिळतात. ‘पर पेज’ २०० पर्यंत वाढवता येतं, पण त्यावर विसंबू नका, पुढच्या पानाची लिंक संपेपर्यंत मागत राहा. ईसीटूवर ‘नेक्स्ट टोकन’ रिकामं होईपर्यंत मागायचं. शिवाय तिथे सर्व्हर थेट यादीत नसतात, ‘रिझर्व्हेशन्स’ नावाच्या गटांत गुंडाळलेले असतात. पहिलाच गट उघडून थांबलात तर बाकीचे गायब. आणि मुंबईच्या सर्व्हरची यादी हैदराबादच्या विभागात मागितलीत तर एरर नाही, नुसती रिकामी यादी येते.

प्रश्न : ‘युजर डेटा’मध्ये (सर्व्हर उभा करताना द्यायच्या स्क्रिप्टमध्ये) बदल करून सर्व्हर बंद-चालू केला. नवी स्क्रिप्ट चालतच नाही. – बाणेर

उत्तर : चालणार नाही. क्लाउड-इनिट हा सर्व्हरमधला प्रोग्रॅम ही स्क्रिप्ट पहिल्याच बूटला एकदा चालवतो. बदल झाला की जुना सर्व्हर काढून नवा उभा करणं हाच सरळ मार्ग. पहिल्या बूटलाही चालली नसेल तर ‘व्हार’मधल्या ‘लॉग’ फोल्डरमध्ये क्लाउड-इनिट-आउटपुट नावाची फाइल उघडा. नेहमीचे गुन्हेगार तीन : पहिल्या ओळीत शिबँग (स्क्रिप्ट कशाने चालवायची ते सांगणारी खूण) नाही, फाइल विंडोजवर लिहिल्यामुळे ओळींच्या शेवटी जादा अक्षर चिकटलंय, किंवा पॅकेज बसवताना ‘होय’चा पर्याय न दिल्याने कमांड कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहत बसली. मजकूर १६ केबीच्या वर गेला तर सर्व्हर उभाच राहत नाही, तेव्हा मोठी स्क्रिप्ट एसथ्रीवर (ॲमेझॉनच्या फाइल साठवणीत) ठेवा आणि युजर डेटातून फक्त ती उतरवून चालवा.

प्रश्न : एकाच लॅपटॉपवरून ‘ओळख पटत नाही’ अशी एरर येते. की दोनदा बदलली. – पिंपरी

उत्तर : की बिचारी निर्दोष असावी. प्रत्येक कॉलच्या सहीत वेळ असते आणि ॲमेझॉनच्या घड्याळापेक्षा ती साधारण ५ मिनिटांहून जास्त इकडेतिकडे असली की सही नाकारली जाते. लिनक्सवर ‘टाइमडेटसीटीएल’ चालवा. टाइमझोन यूटीसी ठेवून हाताने पुण्याची वेळ घातली असेल तर तुमच्या सह्या साडेपाच तास पुढच्या आहेत. टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ करा, एनटीपी (इंटरनेटवरून घड्याळ जुळवणं) चालू करा आणि जुन्याच कीने पुन्हा बघा.